डॅशबोर्ड आहे, पण नोंदींची स्मृती कुठे आहे?

रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्र बँकेला दोन गोष्टी तत्काळ थांबवायला सांगितल्या. एक, ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक जोडणे आणि दुसरी, नवी क्रेडिट कार्डे देणे. कर्जे बुडाली होती किंवा घोटाळा झाला होता म्हणून ही कारवाई झालेली नव्हती. २०२२ आणि २०२३ अशा सलग दोन वर्षांच्या तपासणीत बँकेच्या माहिती तंत्रज्ञान व्यवस्थेत गंभीर त्रुटी आढळल्या आणि त्या वेळेत दूर झाल्या नाहीत, असे नियामकाचे म्हणणे होते. त्या त्रुटींची यादी मुद्दाम वाचावी अशी आहे. यंत्रसामग्रीची नोंद, सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या आणि बदलांचे व्यवस्थापन, कोणाला कुठवर प्रवेश द्यायचा याचे नियंत्रण, बाहेरच्या पुरवठादारांची जोखीम, संकटातून सावरण्याची तयारी असे सगळे तीत होते. निर्बंध उठायला १२ फेब्रुवारी २०२५ उजाडावे लागले. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे अशीच थांबवली गेली होती. तिथे दोन वर्षांत वारंवार सेवा बंद पडल्या होत्या आणि २१ नोव्हेंबर २०२० रोजी मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा खंडित झाल्याने ग्राहकांचे व्यवहार अडले होते. ते निर्बंध पूर्णपणे उठले मार्च २०२२ मध्ये. दोन्ही बँकांची मुख्यालये मुंबईत आहेत आणि पैशाचे बळ दोघींनाही भरपूर आहे. तंत्रज्ञान विकत घेण्याची ऐपत आणि त्या तंत्रज्ञानाच्या कामाचा हिशेब ठेवण्याची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या कारवायांवरून स्पष्ट व्हावे.

नियामकाच्या यादीतले बहुतेक विषय ‘आयटी सेवा व्यवस्थापन’ या शाखेत मोडतात. ब्रिटिश सरकारच्या संगणक व दूरसंचार विभागाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘आयटीआयएल’ नावाची कार्यपद्धती लिहून काढली आणि पुढे ती जगभर पसरली. यंत्रणा बंद पडली की ‘इन्सिडंट’, तीत काही बदलायचे असले की ‘चेंज’, कोणी काही मागितले की ‘रिक्वेस्ट’ अशा नोंदी आज प्रत्येक मोठ्या कार्यालयात होतात. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो आणि रोजच्या बोलण्यात तिला तिकीट म्हणतात. या तिकिटांवरून महिन्याचा अहवाल निघतो आणि वरिष्ठांच्या दालनात हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांचा डॅशबोर्ड झळकतो. आपल्या बँका, विमा कंपन्या, महापालिका आणि सरकारी खाती हा डॅशबोर्ड मोठ्या हौसेने बसवतात. त्याच्या मुळाशी असायला हवे ते डेटा वेअरहाउस, म्हणजे जे घडले ते घडले तसे राखून ठेवणारे माहितीचे कोठार, बांधण्याचा मात्र कंटाळा केला जातो. माझे म्हणणे असे की असे कोठार नसलेला डॅशबोर्ड नुसता अपुरा नसतो, तो दिशाभूल करतो. आणि ही दिशाभूल करायला कोणाचा खोटेपणा लागतोच असे नाही. तिकिटे सांभाळणाऱ्या प्रणालीच्या रचनेतच ती दडलेली आहे.

हे समजण्यासाठी एका तिकिटाचा प्रवास पाहावा लागेल. शाखेतून तक्रार येते की पासबुक छपाईची यंत्रणा चालत नाही. सर्व्हिस डेस्क तिला प्राधान्यक्रम लावते आणि एका गटाकडे सोपवते. तो गट सांगतो की हे काम आमचे नाही, नेटवर्कवाल्यांचे आहे. तिकीट तिकडे जाते आणि तिथून डेटाबेसवाल्यांकडे. मध्येच कोणी ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ अशी खूण करतो आणि करारातल्या मुदतीचे घड्याळ थांबते. मग तिकीट बंद होते, दोन दिवसांनी तीच अडचण आल्याने पुन्हा उघडते, पुन्हा बंद होते. महिनाअखेरीस प्रणालीच्या मुख्य तक्त्यात या साऱ्याची एकच ओळ उरते. तीत शेवटचा प्राधान्यक्रम असतो, शेवटचा गट असतो आणि बंद झाल्याची शेवटची तारीख असते. सकाळी ‘अतिगंभीर’ म्हणून नोंदलेले तिकीट दुपारी ‘मध्यम’ झाले असेल तर अहवालात ते मध्यमच मोजले जाते. चार गटांत फिरलेले तिकीट शेवटच्या गटाच्या नावावर पडते. बदलांचा माग ठेवणारी वेगळी नोंद बहुतेक प्रणालींत असते, पण ती एखाद्या प्रकरणाची चौकशी करायला ठीक. लाखो तिकिटांचा कल तिच्यातून काढणे जिकिरीचे होते. प्रणालीचा यात दोष नाही. आजचे काम आज पुढे सरकवण्यासाठी ती बनवलेली आहे आणि त्यासाठी तिला शेवटची स्थिती पुरते. चूक आपली आहे, कारण काम हाकणाऱ्या यंत्राला आपण इतिहास विचारतो.

याचा सर्वांत वाईट परिणाम संघटनेची फेररचना झाली की दिसतो. समजा, दोन गट एकत्र करून एक नवा गट केला. अनेक ठिकाणी प्रणालीत जुन्या गटांची नावे काढून त्या जागी नवे नाव टाकले जाते. त्या क्षणापासून मागच्या तीन वर्षांची तिकिटेही नव्या गटाच्या नावाने दिसू लागतात. एकत्रीकरणाने काम सुधारले की बिघडले, हा फेररचनेचा निर्णय तपासताना विचारायचा मुख्य प्रश्नच आता विचारता येत नाही. डेटा वेअरहाउसची कल्पना अशाच अडचणींवर उत्तर देते. आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये तिची मांडणी केली, बिल इनमन यांनी १९९२च्या पुस्तकात तिला नेटकी व्याख्या दिली आणि राल्फ किंबल यांनी १९९६ मध्ये ती बांधायची कशी हे दाखवले. इनमन यांच्या व्याख्येतले दोन गुण इथे कळीचे आहेत. कोठारात एकदा आलेली नोंद पुसली जात नाही आणि प्रत्येक नोंद काळाशी जोडलेली असते. किंबल यांच्या पद्धतीत गटाचे नाव बदलले तर जुनी ओळ तशीच ठेवून तिला ‘अमुक तारखेपर्यंत’ अशी मर्यादा घालतात आणि नव्या नावाची ओळ पुढच्या तारखेपासून सुरू करतात. युक्ती साधी आहे, पण तिच्यामुळे २०२३चे तिकीट २०२३ मधल्या गटाच्याच नावावर राहते.

इतिहास जपणे हे कोठाराचे पहिले काम, तर दुसरे जोडणीचे. यंत्रणा का बंद पडली याचे उत्तर क्वचितच एका प्रणालीत सापडते. बदलांच्या नोंदी एका ठिकाणी असतात, बिघाडांच्या दुसऱ्या, सर्व्हरची यादी तिसऱ्या, पाहणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे इशारे चौथ्या आणि ग्राहकांच्या तक्रारी पार वेगळ्या विभागात. एकाच सर्व्हरला यादीत एक नाव, इशाऱ्यांत एक आकडी पत्ता आणि तिकिटात कोणी हाताने लिहिलेले तिसरेच काही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शनिवारी रात्री केलेल्या बदलांपैकी किती बदलांनंतर सोमवारपर्यंत बिघाड झाला, हा कोणत्याही संचालक मंडळाने विचारावा असा प्रश्न आहे. पण ही नावे जुळवून सर्व नोंदी एका काळपट्टीवर आणल्याखेरीज त्याचे उत्तर निघत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा प्रत्येक कार्यालयाला पहिला प्रश्न पडला तो आपल्याकडे हे सॉफ्टवेअर कोणकोणत्या यंत्रांवर आहे हाच. ज्यांच्या नोंदी आधीपासून जुळलेल्या होत्या त्यांना यादी हाताशी होती. बाकीच्यांना ती संकट अंगावर असताना तयार करावी लागली.

तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे व्याख्या ठरवणे. ‘९९.९ टक्के उपलब्धता’ हे शब्द निविदांत सहज लिहिले जातात. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहिली तरी चालेल असा होतो. ही मिनिटे मध्यरात्री अडीचची असोत की पगाराच्या दिवशी सकाळी दहाची, आकड्याला फरक पडत नाही. ग्राहकाला पडतो. सरासरीचेही तसेच. दहापैकी नऊ तक्रारी एका तासात सुटल्या आणि दहावीला ९१ तास लागले, तर सरासरी येते दहा तास. दहापैकी एकाही माणसाने दहा तास वाट पाहिलेली नसते. मध्यक काढला तर उत्तर एक तास येते आणि ९१ तास ताटकळलेला माणूस हिशेबातून नाहीसा होतो. म्हणून एका आकड्यावर भागत नाही. मध्यक, सर्वांत उशिरा सुटलेल्या दहा टक्के तक्रारींचा काळ आणि पुन्हा उघडलेल्या तिकिटांचे प्रमाण शेजारी शेजारी ठेवावे लागते. घड्याळ केव्हा सुरू होते, केव्हा थांबते आणि पुन्हा उघडलेले तिकीट नवे धरायचे की जुने, हे कोठार बांधताना लेखी ठरवावेच लागते, कारण त्याशिवाय तक्ता बनतच नाही. डॅशबोर्ड मात्र यातले काहीही न ठरवता तासाभरात उभा राहतो आणि तिथेच फसगत होते.

व्याख्या नीट ठरवल्या की काय साधते याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन यूपीआयच्या फसलेल्या व्यवहारांचे प्रमाण दर महिन्याला बँकनिहाय जाहीर करते आणि त्यात दोन वर्ग वेगळे ठेवते. ग्राहकाने पिन चुकवला, खात्यात पैसे नव्हते किंवा मर्यादा ओलांडली तर तो एक वर्ग. बँकेची वा मध्यवर्ती यंत्रणेची तांत्रिक अडचण आली तर दुसरा. हे दोन्ही एकत्र मोजले असते तर प्रत्येक बँकेला ग्राहकांकडे बोट दाखवता आले असते. वेगळे मोजल्यामुळे कोणाच्या यंत्रणेत दम नाही हे सर्वांना दिसते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढ्या पसाऱ्यात हजारी एक व्यवहार फसला तरी दोन कोटी व्यवहार होतात. म्हणजे टक्क्याचा दहावा भाग इकडे की तिकडे, हा कारकुनी तपशील राहत नाही. शिवाय हे आकडे सर्व बँकांना एकाच मापाने आणि बँकेबाहेरच्या संस्थेने मोजलेले असतात. कोणी मोजायचे हा प्रश्न कसे मोजायचे याइतकाच महत्त्वाचा आहे.

कारण बहुतेक कंत्राटांत मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असतो. सेवा पुरवठादार कंपनी तिकिटे सोडवते, तिकीट प्रणालीही तीच चालवते, महिन्याचा अहवालही तीच करते आणि त्याच अहवालावर तिचा दंड किंवा तिचे बिल ठरते. हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या इमारतींतून जगभरातल्या कंपन्यांची सर्व्हिस डेस्क चालतात आणि तिथे रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना मुदत उलटण्याआधी तिकिटाचे घड्याळ थांबवण्याचा मोह का होतो हे वेगळे सांगायला नको. या क्षेत्रात अशा अहवालांना ‘कलिंगड’ म्हणतात, बाहेरून हिरवे आणि आतून लाल. अमेरिकेत याची किंमत फार मोठी ठरली. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांना चौदा दिवसांत भेटीची वेळ देण्याचे उद्दिष्ट होते. फिनिक्स इथे खऱ्या प्रतीक्षायाद्या अधिकृत नोंदींबाहेर ठेवून आकडे शोभिवंत केले गेल्याचे २०१४ मध्ये उघड झाले आणि खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. कोठार असते तर माणसे खोटे वागली नसती असा माझा दावा नाही. पण तिकिटाच्या प्रत्येक स्थित्यंतराची वेळ पुरवठादाराच्या हाताबाहेर जपली गेली, तर मुदत संपायच्या दहा मिनिटे आधी थांबलेल्या घड्याळांची गर्दी लगेच नजरेत येते. लबाडी अशक्य होत नाही, महाग होते.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की आजच्या तिकीट प्रणालींत अहवालांची सोय असतेच, मग वेगळे कोठार कशाला? उत्तर असे की ती सोय त्या एका प्रणालीपुरती असते. कंत्राट बदलले आणि नवी प्रणाली आली की बहुधा फक्त उघडी तिकिटे पुढे नेली जातात आणि जुना इतिहास बंद पडलेल्या प्रणालीत अडकून राहतो. नवा पुरवठादार जुन्यापेक्षा बरा आहे का, हे मग कोणाला सांगता येणार? दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि भव्य वेअरहाउस प्रकल्प वर्षानुवर्षे रखडल्याची उदाहरणे या क्षेत्रात आहेतच. पण ते रखडतात ते सर्व काही एकदम भरण्याच्या हव्यासामुळे. मध्यम आकाराच्या संस्थेची तिकिटे वर्षाला काही लाख असतात, आजच्या मापाने हा साठा किरकोळ आहे. फुकट मिळणारा पोस्टग्रेससारखा डेटाबेस त्याला पुरतो. रोज रात्री तिकिटांच्या स्थितीची एक प्रत काढून ठेवणे एवढ्यापासूनही सुरुवात करता येते. खरा खर्च व्याख्यांवर एकमत करण्याच्या बैठकांचा असतो, आणि तो टाळला तरी वाचत नाही, पुढे भांडणांत भरावा लागतो. शिवाय उशिराची भरपाई इथे होत नाही. आज न जपलेली नोंद पुढल्या वर्षी कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही.

तिसरा आक्षेप वेगाचा. कोठारात माहिती रात्री भरणार, तर दुपारच्या संकटात तिचा काय उपयोग? काहीच नाही, आणि ते तिचे कामही नाही. नियंत्रण कक्षाला या क्षणाचा पडदा हवा, संचालक मंडळाला दोन वर्षांचा कल हवा. दोघांना एकाच पडद्यावर बसवण्याच्या अट्टहासातूनच सध्याचा गोंधळ झाला आहे. चौथा आक्षेप ताजा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला कच्ची तिकिटे दिली की ती साध्या भाषेत उत्तर देते, मग तक्ते बांधण्याचा उपद्व्याप कशाला? पण ‘मागच्या वर्षी किती गंभीर बिघाड झाले’ या प्रश्नात गंभीर म्हणजे नोंदवताना गंभीर की बंद करताना गंभीर, हे यंत्राला कोणी सांगायचे? आणि निम्म्या तिकिटांवर कारण म्हणून ‘इतर’ निवडलेले असेल तर त्या ‘इतर’मध्ये काय होते हे कोणते यंत्र ओळखणार? पुसलेला इतिहास वाचण्याची विद्या अजून निघालेली नाही. उलट जपलेल्या, अर्थ ठरलेल्या नोंदी असतील तरच या नव्या साधनांचा उपयोग होईल.

पाचवा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एवढ्या बारीक नोंदी जपल्या तर त्या कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवायला वापरल्या जातील आणि तक्रारदारांची खासगी माहितीही साठून राहील. ही भीती खरी आहे, म्हणून बंदोबस्त रचनेतच करावा. सेवेचे मोजमाप व्हावे, माणसाचे नव्हे. वरिष्ठांच्या डॅशबोर्डवर गटाच्या खाली जाऊन एका कर्मचाऱ्याचे नाव दिसूच नये. तक्रारदाराचे नाव, फोन क्रमांक, खाते क्रमांक यांची कल पाहण्यासाठी गरज नसते. ते कोठारात येण्याआधीच गाळता येतात आणि २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पाहता गाळायलाच हवेत. आणि चांगल्या नोंदी कर्मचाऱ्याच्या बाजूनेही साक्ष देतात. एखादे तिकीट चार दिवस दुसऱ्याच गटाकडे पडून होते, हे आज त्याला सहज सिद्ध करता येत नाही.

ही चर्चा बँकांपुरती नाही. केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर निपटाऱ्याची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आली. महाराष्ट्रात २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. जिथे मुदत हा हक्क आहे तिथे मुदतीची नोंद हा पुरावा आहे, आणि शेवटची स्थिती तेवढी राखणाऱ्या प्रणालीवर पुरावा म्हणून विसंबता येत नाही. मुदत कमी केल्याने काम वेगाने होते की तिकिटे वेगाने बंद होतात, हे पुन्हा उघडलेल्या तक्रारींचा आणि अपिलांचा अनेक वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय कळणार नाही.

रिझर्व्ह बँकेचे माहिती तंत्रज्ञान कारभाराविषयीचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत आणि त्यांत या विषयाची जबाबदारी थेट संचालक मंडळापर्यंत नेली आहे. त्या मंडळांना, तसेच महापालिका आयुक्तांना आणि खात्यांच्या सचिवांना एक साधी परीक्षा सुचवावीशी वाटते. मागच्या वर्षीच्या मार्चचा अहवाल तेव्हा छापला होता तसा समोर ठेवा आणि त्याच मार्चचा अहवाल आजच्या प्रणालीतून पुन्हा काढायला सांगा. दोन्हींतले आकडे जुळले तर तुमच्या संस्थेला स्मृती आहे. जुळले नाहीत आणि का जुळले नाहीत हेही कोणाला सांगता आले नाही, तर नव्या डॅशबोर्डच्या प्रस्तावावर सही करू नका. तो पैसा आधी नोंदी जपण्यावर खर्च करा.